स्वयंपाकघरातले उपासक : ब्रदर लॉरेन्स



प्रार्थनेला वेळच मिळत नाही, ही तक्रार आपल्या धर्मग्रामात आम्हांला वारंवार ऐकू येते. तक्रार करणाऱ्या बहुधा माताभगिनी असतात. पहाटे पाणी भरण्यापासून सुरुवात, मग डबे, मुलांची शाळा, गाडी पकडण्याची घाई, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. आणि रात्री रोझरी हातात घेतली की दुसऱ्या रहस्यालाच डोळे मिटतात. रविवारी मिस्सेत अर्धे लक्ष घरच्या कामांकडे असते, असेही काहीजणी हसत हसत कबूल करतात. त्या हसण्यामागे खंत असते. खरी उपासना धर्मगुरूंना आणि कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनाच जमते, आपण संसारी माणसे देवाला काय देणार, असे त्यांच्या मनाने घेतलेले असते.

म्हणून ह्या रविवारी अशा एका माणसाचे जीवन आपणांसमोर ठेवत आहोत, की जो मठात गेला खरा, पण तिथे त्याच्या वाट्याला आला तो मुदपाकखाना. तोही त्याला मुळीच न आवडणारा.

त्यांचे मूळ नाव निकोलस हर्मन. जन्म १६१४ साली, लोरेन प्रांतातील लुनेव्हिल शहराजवळच्या एरिमेनिल गावी. हा प्रांत आज फ्रान्समध्ये आहे. त्या काळी तिथे स्वतंत्र ड्यूकचे राज्य होते. घरची गरिबी, शिक्षण बेताचे, आईवडील मात्र श्रद्धावंत. वयाच्या अठराव्या वर्षी एका हिवाळ्यात त्यांच्या पाहण्यात एक पूर्ण निष्पर्ण झाड आले. आपल्याकडे सावरीचे झाड पानगळीनंतर जसे काटक्यांचे दिसते, तसे काहीसे. थोड्याच दिवसांत ह्या झाडाला पाने फुटतील, मग फुले येतील, मग फळे धरतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि देवाच्या सामर्थ्याची व त्याच्या काळजीवाहू प्रेमाची अशी जाणीव झाली, की ती आयुष्यभर पुसली गेली नाही. बस, एवढेच. ना दर्शन, ना आकाशवाणी. झाडे आपणही रोज पाहतो.

एवढा अनुभव आल्यावर हा तरुण थेट मठात गेला असेल असे वाटेल. तसे झाले नाही. युरोपात तेव्हा तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते (१६१८ ते १६४८) आणि निकोलस सैन्यात भरती झाले. एकदा जर्मन सैनिकांनी हेर समजून त्यांना पकडले व फाशी देण्याची धमकी दिली. आपण हेर नाही, आणि मरणाची पर्वाही नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितल्यावर त्यांची सुटका झाली. पुढे १६३५ मध्ये रॉंबेरव्हिलेर येथील लढाईत ते जखमी झाले. पाय अधू झाला तो कायमचाच. सैनिकी जीवनात हातून घडलेल्या पापांचा पश्चात्ताप त्यांना नंतर कित्येक वर्षे छळत राहिला.

लष्कर सुटल्यावर काही काळ त्यांनी एकांतवासी होऊन पाहिले, ते जमले नाही. मग पॅरिसमध्ये राजाच्या खजिन्याचे एक बडे अधिकारी फ्यूबे यांच्याकडे ते नोकर म्हणून राहिले. तिथेही धड नाही. हा धिप्पाड, लंगडणारा गडी इतका धांदरट होता, की हातात येईल ते फोडायचा. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे.

अखेर १६४० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पॅरिसमधील व्होजिरार रस्त्यावरच्या कार्मेल मठात ते दाखल झाले. अविलाची संत तेरेजा व क्रुसाचे संत योहान यांनी ज्या कार्मेल संघाचे नूतनीकरण केले, त्याच संघाचा हा मठ. निकोलस धर्मगुरू होण्यासाठी आले नव्हते. अंगमेहनतीची कामे करणारे ब्रदर म्हणून आले होते. त्यांना पुनरुत्थानाचे ब्रदर लॉरेन्स हे नाव मिळाले आणि १४ ऑगस्ट १६४२ रोजी त्यांनी आजन्म व्रते घेतली. आपल्या धांदरटपणाबद्दल इथे आपली चामडी सोलली जाईल, आणि तीच आपली देवाला भेट, अशी मनाची तयारी करून ते आले होते. प्रत्यक्षात मिळाले ते समाधान. देवाने आपल्याला चांगलेच फसवले, असे ते गमतीने म्हणत.

पण ह्या समाधानाची दुसरी बाजू आपण लपवू नये. पुस्तिकांमधून ब्रदर लॉरेन्स यांचे हसतमुख चित्र तेवढे दाखवतात, ते आम्हांला पटत नाही. मठातली पहिली सुमारे दहा वर्षे त्यांच्या अंतःकरणाने फार सोसले. ध्यानाच्या ठरलेल्या वेळेत त्यांचे मन भरकटे. ते विचार हाकलीत, आणि पुन्हा त्यांतच सापडत. नेमून दिलेल्या पद्धतीने प्रार्थना करणे त्यांना कधीच साधले नाही. चार वर्षे तर आपला नाश ठरलेला आहे, आपल्याला तारण नाही, असे त्यांच्या मनाने घट्ट धरले होते आणि कोणीही समजूत घातली तरी ते हटत नव्हते. शेवटी त्यांनी एक निर्णय केला. आपले तारण होवो न होवो, जिवंत आहोत तोवर जे काही करू ते देवाच्या प्रीतीखातर करू; एवढे तरी आपल्या हाती आहे. हा निर्णय झाल्यावर कधीतरी ती काळोखी सरली. मिस्सेत मन लागत नाही म्हणून खंतावणाऱ्या आपल्या भगिनींनी ही दहा वर्षे ध्यानात ठेवावीत.

आणि ह्याच काळात ते राबत होते मुदपाकखान्यात. स्वयंपाकाचा त्यांना उपजत तिटकारा होता. तरी पंधरा वर्षे त्यांनी ते काम केले. एवढ्या मठाचा स्वयंपाक म्हणजे भांड्यांचा खडखडाट, धूर, एकाच वेळी चार बाजूंनी चार मागण्या. ते करीत काय? कामाला हात लावण्यापूर्वी देवाला सांगत, की हे काम तू मला दिले आहेस, तेव्हा ते करताना तुझ्यापाशी राहण्याची कृपा दे. काम करता करता त्याच्याशी मनातल्या मनात बोलत. काम संपले की कसे झाले ते स्वतःला विचारत. चांगले झाले असेल तर त्याचे आभार; चुकले असेल तर क्षमा मागत, तू हात सोडलास तर मी हेच करणार असे देवालाच सांगत, आणि चुकीला कुरवाळत न बसता पुढच्या कामाला लागत. तव्यावरचे ऑम्लेट उलटायचे तेही देवाच्या प्रीतीखातर. ते झाले आणि दुसरे काम नसेल, तर तिथेच जमिनीवर मस्तक टेकवून देवाला वंदन करायचे व राजापेक्षाही सुखी होऊन उठायचे. जमिनीवर पडलेली गवताची काडी उचलणे हीसुद्धा त्यांच्या लेखी देवाला देण्याजोगी भेट होती.

मठासाठी द्राक्षारस आणायला त्यांना बर्गंडी प्रांतात पाठवले, तो प्रसंग वाचताना आम्हांला हसूही आले आणि भरूनही आले. व्यवहारात त्यांना गती नव्हती, आणि पाय असा अधू, की बोटीत चालणे अशक्य. पिंपांवरून अंग घसटत, लोळतच पुढे सरकावे लागे. हे काम तुझे आहे, तूच पाहा, असे देवाला सांगून ते निघाले, आणि काम व्यवस्थित पार पडले. कसे पडले ते आपल्यालाही कळले नाही, असे त्यांनी नंतर सांगितले.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलून घेऊ. काम हीच पूजा, अशी पाटी आपण कित्येक दुकानांत नि कचेऱ्यांत पाहतो. आपल्यातलेही काहीजण रविवारी मिस्सा चुकवताना ह्याच पाटीचा आधार घेतात. ब्रदर लॉरेन्स यांचे जीवन त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. काम म्हणजे नुसते कामच; ते देवाकडे तोंड करून केले तर उपासना होते, पाठ फिरवून केले तर होत नाही. मठाच्या ठरलेल्या प्रार्थना त्यांनी टाळल्या नाहीत. इतरांबरोबर ते प्रार्थनेला जात, आणि तिथून उठून चुलीपाशी आले तरी देवापासून दूर गेल्यासारखे त्यांना वाटत नसे. चर्चमधली उपासना आणि घरची उपासना अशी दोन खाती त्यांच्याकडे नव्हतीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात प्रापंचिकांना हेच शिकवले आहे : त्यांचे कष्ट, त्यांचा संसार, त्यांची विश्रांती, धीराने सोसलेली दुखणीसुद्धा आध्यात्मिक अर्पणे होतात, आणि मिस्सेत ती प्रभूच्या शरीराबरोबर पित्याला अर्पण केली जातात. अर्पणविधीच्या वेळी भाकर व द्राक्षारस वेदीकडे जातात, तेव्हा सोमवार ते शनिवारचा आपला डबा, आपली फाइल, आपली भाजीची पाटी त्यांच्यासोबत जाते का, हे ज्याचे त्याने पाहावे. रिकाम्या हाताने आलो तर अर्पण तरी काय करणार?

पायाचे दुखणे वाढल्यावर ब्रदर लॉरेन्स यांना स्वयंपाकघरातून काढून मठवासियांच्या चपला शिवण्याचे बैठे काम दिले गेले. ह्या चांभारकामातही ते खूश होते, आणि ते सोडावे लागले तरी हरकत नव्हती. हळूहळू बाहेरची माणसे त्यांना शोधत येऊ लागली. ३ ऑगस्ट १६६६ रोजी जोसेफ द बोफोर हे त्यांना प्रथम भेटले. पुढे पॅरिसचे आर्चबिशप झालेल्या द नोआय यांचे ते व्हिकर जनरल होते. ह्या धर्मगुरूंनी चार भेटींतले बोलणे टिपून ठेवले, आणि ब्रदरांच्या मृत्यूनंतर ते व त्यांची थोडीशी पत्रे १६९२ व १६९४ मध्ये छापली. त्यातून देवाच्या सान्निध्याचा अभ्यास ह्या नावाने प्रसिद्ध असलेले छोटेसे पुस्तक तयार झाले. पुढे फ्रान्समध्ये मौनप्रार्थनेच्या चुकीच्या शिकवणुकीवरून मोठा वाद झाला. त्या वादात ह्या साध्या पुस्तकाकडेही संशयाने पाहिले गेले आणि कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंट बांधवांनीच ते अधिक जपले. जॉन वेस्ली यांनी आपल्या ग्रंथमालेत त्याला स्थान दिले. अलीकडे, डिसेंबर २०२५ मध्ये, लेबननहून परतताना पोप लिओ चौदावे यांनी विमानात पत्रकारांना सांगितले, की संत ऑगस्टिनच्या ग्रंथांखेरीज आपली आध्यात्मिकता समजून घ्यायची असेल तर हे पुस्तक वाचावे. ब्रदर लॉरेन्स यांना ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केलेले नाही. त्यांचा सणही नाही, नोव्हेनाही नाही.

पुढे आर्चबिशप झालेले विद्वान फेनेलॉन त्यांना आजारपणात भेटून आले होते. माणूस स्वभावाने रांगडा, पण कृपेने नाजूक झालेला, आणि एवढ्या दुखण्यातही आनंदी, अशी आठवण त्यांनी लिहून ठेवली.

शेवटचे पत्र त्यांनी ६ फेब्रुवारी १६९१ रोजी पाठवले. काही दिवसांतच देवाच्या कृपेने त्याला पाहीन, अशी आशा त्यात होती. अंथरुणाला खिळलेले असताना मठातल्या एकाने त्यांना विचारले, की आता मनात काय चालले आहे. ते म्हणाले, की अनंतकाळ जे करायचे आहे तेच आताही करतो आहे : देवाचे आभार मानतो, त्याची स्तुती करतो, त्याला वंदन करतो, त्याच्यावर मनापासून प्रेम करतो; बंधूंनो, आपला धंदा तो हाच. सोमवार, १२ फेब्रुवारी १६९१ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, शुद्धीवर असतानाच शांतपणे त्यांनी प्राण सोडला.