गनिमी काव्याचा हबशी सेनानी : मलिक अंबर



गनिमी कावा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचे कडे, मराठ्यांची चपळ घोडी आणि छत्रपती शिवाजी महाराज उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु महाराजांच्या जन्माआधी तीस वर्षे, याच महाराष्ट्राच्या भूमीवर एका माणसाने मूठभर स्वारांनिशी दिल्ली-आग्र्याच्या प्रचंड मोगल फौजेशी झुंज मांडली आणि ती पंचवीस वर्षे चालू ठेवली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तो माणूस राजघराण्यातला नव्हता. या देशातलाही नव्हता. लहानपणी बाजारात विकला गेलेला तो एक हबशी मुलगा होता. त्याचे नाव मलिक अंबर.

आपण कोकणातली माणसे. समुद्रापलीकडचे मुलूख आपल्याला परके नाहीत. सोळाव्या शतकात आपले दाभोळ हे विजापूरच्या आदिलशाहीचे मोठे बंदर होते आणि उत्तरेकडचे चौल अहमदनगरच्या निजामशाहीचे. तेथून गलबते तांबड्या समुद्राकडे जात आणि तिकडून घोडे, खजूर व सोने-नाणे घेऊन येत. याच व्यापारात माणसेही विकली जात, ही त्या काळाची काळी बाजू आपण विसरता कामा नये. हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया. तेथे सुमारे १५४८ साली चापू नावाचा मुलगा जन्मला. त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. येमेनमधील मोखा बंदराच्या बाजारात त्याची किंमत ८० गिल्डर झाली, अशी नोंद पुढे त्याला भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने करून ठेवली आहे.

मोख्याहून हा मुलगा बगदादला गेला. तेथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. मुलाची बुद्धी तल्लख आहे हे या धन्याच्या ध्यानात आले. त्याने त्याला निव्वळ कामाला न जुंपता शिकविले, हिशेब आणि कारभार समजावून दिला. तेथेच चापूने इस्लामचा स्वीकार केला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले. पालकहो, येथे क्षणभर थांबा. या मुलाजवळ आई-बाप नव्हते, घर नव्हते, स्वतःचे शरीरही स्वतःच्या मालकीचे नव्हते. त्याला जे मिळाले ते एवढेच, शिक्षण. पुढच्या पन्नास वर्षांत त्याचे सर्व काही अनेकदा लुटले गेले. हे एक तेवढे कोणाला लुटता आले नाही.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनला आले. त्यांना विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा पेशवा म्हणजे मुख्य प्रधान होता, आणि तो स्वतःही एके काळचा हबशी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी होते. दख्खनच्या दरबारांत हबशी गुलामाला पराक्रमाच्या जोरावर सरदार होता येत असे. आपल्या शेजारच्या जंजिऱ्याचे सिद्दी हे त्याचेच उदाहरण होय. चंगीझखानाजवळ अंबर यांनी राज्यकारभार जवळून पाहिला. लवकरच चंगीझखान मरण पावला आणि अंबर स्वतंत्र झाले. मग सुमारे वीस वर्षे त्यांनी साध्या शिपाईगिरीत काढली. काही काळ ते विजापूरच्या चाकरीत होते. तेथेच त्यांना मलिक हा किताब मिळाला. वयाची पंचेचाळिशी उलटली तरी ते शे-दीडशे स्वारांचे नायक होते. एवढ्या वयात माणसे आपले दिवस संपले असे समजतात. त्यांचे खरे दिवस अजून यायचे होते.

१५९५ मध्ये मोगल फौज अहमदनगरच्या वेशीशी येऊन ठेपली. चांदबीबीने शौर्याने किल्ला लढविला, ही कथा आपण शाळेत वाचली आहे. परंतु १६०० साली चांदबीबी मारली गेली, किल्ला पडला आणि बाल निजामशहाला ग्वाल्हेरच्या तुरुंगात पाठविण्यात आले. राजधानी गेली, राजा गेला, खजिना गेला. बहुतेकांनी निजामशाही बुडाली असेच मानले. मलिक अंबर यांनी तसे मानले नाही. विखुरलेले हबशी, दख्खनी आणि मराठे स्वार त्यांनी गोळा केले, राजघराण्यातील एका तरुणाला परांड्याच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. पुढे राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तेथून दौलताबादला हलली. राजधानी हलविता येते, हीच तर मोगलांना न उमगलेली गोष्ट होती.

आता प्रश्न असा, की एवढ्या बलाढ्य सैन्याशी लढायचे कसे? मोगलांची फौज त्या काळात जगातील मोठ्या फौजांपैकी एक होती. चिलखती घोडदळ, हत्ती, अवजड तोफा, सरदारांचे तंबू, बाजारबुणगे, धान्याचे हजारो बैल असा तिचा पसारा असे. मोकळ्या मैदानात तिच्यासमोर उभे राहणे म्हणजे मरण. १६०२ साली नांदेडजवळ याचा अनुभव आला. सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे ज्यांचे दोहे आपली मुले हिंदीच्या पुस्तकात वाचतात तेच रहीम, यांच्या मुलाने त्या लढाईत अंबर यांचा पराभव केला. ते जबर जखमी झाले आणि त्यांच्या माणसांनी त्यांना कसेबसे रणांगणातून उचलून नेले.

या पराभवातून ते शिकले. मोठ्या फौजेचे बळ जेथे आहे तेथे तिच्याशी गाठ घ्यायची नाही. तिचे पोट जेथे आहे तेथे घाव घालायचा. पसारा जितका मोठा तितकी त्याला दाणा-वैरण अधिक लागते. म्हणून हलक्या घोड्यांवरचे बारगीर, पाठीवर चार दिवसांची शिदोरी एवढेच सामान, अशा टोळ्या त्यांनी उभ्या केल्या. या टोळ्या मोगलांच्या रसदेवर तुटून पडत, वैरण कापायला गेलेल्यांना गाठत, पिछाडी तोडत, रात्री छावणीवर बाण सोडून झोप उडवत आणि शत्रू घोड्यावर मांड टाकीपर्यंत डोंगरात नाहीशा होत. याला तेव्हा बारगीगिरी म्हणत. या टोळ्यांत मराठ्यांचा भरणा फार मोठा होता. १६१० च्या सुमारास एका इंग्रज व्यापाऱ्याने अंबर यांच्याजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे लिहून ठेवले आहे. या भूमीच्या वाटा, घाट, ओढे ज्यांना पाठ होते अशाच माणसांच्या जोरावर एक परदेशी माणूस लढत होता. युरोपात अशा लढाईला जे गनिमी युद्धाचे नाव पडले ते स्पॅनिश लोकांनी १८०८ पासून नेपोलियनशी दिलेल्या झुंजीतून रूढ झाले. आपल्याकडे ती विद्या त्याआधी दोनशे वर्षे पक्की झालेली होती.

या पद्धतीचा कस १६११-१२ मध्ये लागला. बादशहा जहांगीराने दख्खनवर दोन फौजा धाडण्याचा बेत केला. एक अब्दुल्लाखानाच्या हाताखाली गुजरातेतून नाशिक-त्र्यंबकच्या मार्गाने, दुसरी वऱ्हाड-खानदेशातून. दोघींनी एकाच वेळी दौलताबादला मिळायचे होते. परंतु सगळे श्रेय आपल्यालाच मिळावे या लोभाने अब्दुल्लाखान दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे घुसला. अंबर यांनी त्याला येऊ दिले. तो घाट उतरून आत येताच बारगीर चहूकडून त्याला झोंबू लागले. दिवसा चारा नाही, रात्री झोप नाही. दौलताबादजवळ पोहोचेपर्यंत त्याची फौज निम्मी मोडली होती. तो बागलाणाच्या वाटेने गुजरातेत पळाला आणि ही बातमी ऐकून दुसरी फौजही माघारी वळली. मोठी लढाई न देता मोठी मोहीम मोडली.

वाचकहो, केवळ घोड्यांवर असे युद्ध पंचवीस वर्षे चालत नाही. टोळीला भाकरी कोण देतो? शत्रू कोठे उतरला याची खबर कोण आणतो? गावचा शेतकरी. तो उलटला की गनिमी कावा संपला. हे जाणून अंबर यांनी जमीनमहसुलाची घडी बसविली. मक्त्याने वसुली देण्याची पद्धत बंद केली, जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष येणारे पीक पाहून सारा ठरविला. मलिकंबरी धारा हे नाव पुढे मराठेशाहीच्या कागदांतही टिकून राहिले. १६१० मध्ये त्यांनी खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. तेथे त्यांनी डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी शेकडो वर्षे त्या शहराची तहान भागवीत होती. रणांगणावर पाणी तोडणाऱ्या या सेनापतीने आपल्या रयतेला पाणी आणून दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यांच्या आयुष्यात अपयश नव्हते असे नाही. १६१६ मध्ये काही मराठे सरदार मोगलांना मिळाले. त्यांत लखुजी जाधव होते. त्याच वर्षी जालन्याजवळ रोशनगावला अंबर यांनी मोकळ्या मैदानात लढाई दिली आणि ते हरले. मोगलांनी खडकी जाळली. दुसऱ्या वर्षी शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, मोठी फौज घेऊन आला तेव्हा अंबर यांनी तह केला आणि अहमदनगरचा किल्ला व मुलूख परत दिला. १६२० मध्ये त्यांनी पुन्हा उचल खाल्ली, १६२१ मध्ये पुन्हा तह करावा लागला. वरवर पाहता ही हार दिसते. परंतु दुबळ्या पक्षाला प्रत्येक लढाई जिंकण्याची गरज नसते. टिकून राहिले की पुरते. वाकण्याची वेळ कोणती आणि उठण्याची कोणती, हे ते ओळखून होते. सत्ता टिकविताना त्यांनी कठोरपणाही केला, प्रतिस्पर्ध्यांना दयामाया दाखविली नाही. थोरांचे चरित्र वाचताना तेही झाकून ठेवू नये.

१६२४ साली सर्वांत मोठे संकट आले. विजापूरची आदिलशाही आणि मोगल एकत्र झाले. अंबर यांचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होते. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीच्या परिसरात पाणी सोडले. चिखलाने वाटा बंद झाल्या, दाणा-पाणी तुटले, रात्रीच्या छाप्यांनी शिपाई धास्तावले आणि छावणी सोडून जाऊ लागले. मग अंबर यांनी हल्ला चढविला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. या लढाईत शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे अंबर यांच्या बाजूने लढले आणि शहाजीराजांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. दोन्ही बाजूंना मुसलमान होते, दोन्ही बाजूंना मराठे होते. ही लढाई धर्माची नव्हती. आपला मुलूख राखण्याची होती.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर यांचे निधन झाले. खुलताबादला त्यांची कबर आहे. ते जिवंत असेपर्यंत मोगलांना दख्खन गिळता आले नाही. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात या शत्रूचे नाव शिव्या दिल्यावाचून घेतले नाही. अंबर यांच्या तोडलेल्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत असे चित्रही त्याने दरबारी चित्रकार अबुल हसन याच्याकडून काढवून घेतले. ते आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच आले नाही. आणि मृत्यूनंतर मोगल दरबाराच्याच इतिहासकाराने, मुतमदखानाने, युद्धकलेत आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती, अशी कबुली दिली. संस्कृत कवी परमानंदानेही शिवभारतात अंबर यांच्याविषयी आदरानेच लिहिले आहे.

परंतु पुढे काय झाले? त्यांचा मुलगा फत्तेखान याला बापाचे पद मिळाले, बापाची दृष्टी मिळाली नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. शहाजीराजांनी एका बाल निजामशहाला पुढे करून, अंबर यांच्याच पद्धतीने, १६३६ पर्यंत झुंज दिली. मग निजामशाही संपली, पण विद्या संपली नाही. ज्या मराठी स्वारांनी अंबर यांच्या हाताखाली रात्रीचे छापे घातले होते, त्यांच्या मुला-नातवंडांनी ती सह्याद्रीत नेली आणि पुढे औरंगजेबालाही पंचवीस वर्षे दख्खनमध्ये अडकवून ठेवले.

पालकहो, वारशाने वाडा आणि पद देता येते. ज्ञान ज्याचे त्यालाच मिळवावे लागते. फत्तेखानाला सारे आयते मिळाले आणि ते टिकले नाही. चापूला काहीच मिळाले नव्हते. एका जाणत्या माणसाने त्याला शिकविले आणि त्याने इतिहास घडविला. मुलांसाठी घर, जमीन, परदेशातली कमाई जमविताना आपण त्यांच्या शिक्षणाला कितवे स्थान देतो, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी करावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापुढची अडचण तुमच्याहून मोठी वाटेल तेव्हा तिच्यावर डोके आपटू नका. तिचे बळ कोठे आहे आणि उणे कोठे आहे ते शांतपणे शोधा, आपली भूमी आणि आपली माणसे ओळखा, एकदा हरलात तर का हरलो ते समजून घ्या आणि पुन्हा उभे राहा. मलिक अंबर यांनी याहून वेगळे काही केले नाही.