खाँसाहेबांची रेकॉर्ड आणि रात्रीचा सिनेमा

लोणावळ्याचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी ओपीडीत आले. मुलाने घेतलेल्या होम थिएटरवर सिनेमातले संवाद त्यांना ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की मारामारीच्या प्रसंगात कान दुखतात आणि शेजारी तक्रार करतात. अब्दुल करीम खाँची जुनी रेकॉर्ड मात्र त्याच यंत्रावर नीट ऐकू येते. मग दोष कानाचा की यंत्राचा?

खाँसाहेबांचा जन्म १८७२चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. बडोद्याचे दरबारी गायक झाले, मग मिरजेत स्थायिक झाले. पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची कन्या. देवल आणि क्लेमेंट्स यांनी श्रुती मोजायला घेतल्या, तेव्हा त्यांनी आपला गळा त्या प्रयोगांना दिला. अशी विज्ञानाची आवड असलेला गवई त्या काळी विरळाच.

त्यांचा आवाज नाजूक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या पहिल्या रेकॉर्ड झाल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता; कर्ण्यात तोंड घालून गायचे. फार हळू गायले तर सूर सुईच्या खरखरीत बुडे, फार मोठ्याने गायले तर फाटे. विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर, १९३०च्या दशकात झिंझोटी आणि भैरवीतल्या त्यांच्या ठुमऱ्या निघाल्या आणि त्या घरोघरी पोचल्या. पण तबकडी तीच, लाखेची. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, म्हणजे डायनॅमिक रेंज, तिच्यावर जेमतेम ३०-४० डेसिबल. सीडीवर ते ९६पर्यंत जाते. सिनेमावाले या मोकळ्या जागेचा पुरेपूर उपयोग करतात: कुजबुज अगदी हळू, स्फोट कानठळ्या बसवणारा.

आमच्या रुग्णाची श्रवणचाचणी केली. वयामुळे आतल्या कानातल्या केसपेशी कमी झाल्या होत्या. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच, कधी जास्तच बोचतो. म्हणजे कानाचीच रेंज आखडते. लाखेची तबकडी त्यात मावते, सिनेमा मावत नाही.

रिसीव्हरवर यासाठी 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' नावाची सोय असते. ती हळू आवाज वर आणते, मोठा खाली दाबते. नावांचा घोळ सांभाळा: 'रेंज' कमाल म्हणजे अंतर पूर्ण, 'कॉम्प्रेशन' कमाल म्हणजे अंतर सर्वांत कमी. गृहस्थांनी नेमके उलटे ठेवले होते. शिवाय हे बटण सगळ्याच ध्वनिमुद्रणांवर चालत नाही. मुख्यतः डॉल्बीसारख्या ट्रॅकवर चालते.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर उतरले आणि तिथेच गेले. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे.

गृहस्थांना मी श्रवणयंत्र सुचवले. ते आधी कचरले. पण तेही हेच करते, हळू आवाज जास्त वाढवते आणि मोठा कमी, हे कळल्यावर त्यांनी चाचणीचा कागद घडी करून खिशात ठेवला.