ज्ञानकोशकार केतकर

आज नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्यास वाफेच्या यंत्राची किंवा दूरदेशीच्या लोकांच्या चालीरीतींची माहिती हवी असेल, तर ती त्याला मराठीत सहज मिळते. शंभर वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. ज्यास इंग्रजी येत नसे, त्यास आधुनिक विद्येची बहुतेक दारे बंदच असत. ती उघडण्यासाठी ज्यांनी आपली उमेदीची वर्षे वेचली, त्यांत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अग्रभागी होते.

त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. बालपण अमरावतीस गेले. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात काही काळ शिकून १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले. तेथील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेचा अभ्यास केला. मनुस्मृतीच्या आधारे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीचा शोध घेणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९११ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. मात्र ज्या समाजाविषयी हे संशोधन होते, त्यातील फारच थोड्यांना ते वाचता येण्याजोगे होते.

स्वदेशी परतल्यावर केतकरांनी जे कार्य अंगावर घेतले, ते एखाद्या राजाने किंवा सरकारने करावे असे होते. जगातील सर्व विषयांचे ज्ञान मराठीत आणणारा कोश त्यांना सिद्ध करावयाचा होता. पाठीशी राजाश्रय नव्हता, घरी संपत्ती नव्हती. तेव्हा त्यांनी नागपुरास एक मर्यादित कंपनीच स्थापन केली. तिचे भाग विकावयाचे, वर्गणीदार मिळवावयाचे आणि त्या पैशातून खंड छापावयाचे, अशी ही योजना होती. विद्येसाठी कंपनी ही कल्पना अनेकांना चमत्कारिक वाटली. केतकर मात्र वर्गणीदारांच्या शोधात हिंडत राहिले. कचेरी पुढे पुण्यास आली.

पैशाची अडचण होतीच, शब्दांचीही होती. कित्येक शास्त्रीय कल्पनांना मराठीत नावच नव्हते. ते घडवावे लागे. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे होते आणि त्यांतील पाचवा विज्ञानाच्या इतिहासास वाहिलेला होता. माणसांचे समाज कसे बनले आणि त्यांच्या विद्या कशा वाढल्या, हे आधी सांगून मग अकारविल्हे माहिती द्यावयाची, ही मांडणी मला फार मार्मिक वाटते. १९२९ पर्यंत तेवीस खंड पूर्ण झाले.

या कचेरीत काम केलेल्या यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश तयार केला.

केतकरांच्या पत्नी शीलवती या मूळच्या एडिथ कोन. त्याही विदुषी होत्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे त्यांनी जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केले.

केतकर कादंबऱ्यांकडेही वळले. समाजशास्त्रातील प्रश्न सामान्य वाचकांपुढे मांडण्यास त्यांना गोष्ट हे साधन सोयीचे वाटले असावे. ‘ब्राह्मणकन्या’ ही त्यांतील विशेष गाजलेली. त्यांची भाषा ओबडधोबड आहे, पात्रे गोष्ट सोडून चर्चेत रमतात. तरी विचार करावयास लावण्याचे सामर्थ्य त्यांत आहे. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मानसन्मान आला, पण पैसा आला नाही. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.