कव्हरमधला फौजी

भारतीय संघाचे क्षेत्ररक्षण हा परदेशी समीक्षकांच्या चेष्टेचा विषय होता, त्या काळात कव्हरला हेमू अधिकारी उभे असत. त्यांच्या दिशेने चेंडू तटवून चोरटी धाव घेण्यापूर्वी फलंदाज दोनदा विचार करी.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. सतराव्या वर्षीच ते गुजरातकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले, पुढे बडोद्याकडून. विशी गाठली आणि दुसरे महायुद्ध पेटले. ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या जवळपास दहा वर्षांत भारताच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. देशांतर्गत सामने मात्र सुरू होते. विजय मर्चंट आणि विजय हजारे यांनी याच काळात ब्रेबॉर्नवर धावांच्या राशी रचल्या. अधिकारी यांनी लष्करी गणवेश चढवला.

कसोटी पदार्पणास १९४७ साल उजाडले. ब्रिस्बेन, समोर ब्रॅडमनचा संघ आणि अधिकारींचे वय अठ्ठावीस! पुढच्याच वर्षी दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा केल्या. १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत नाबाद ८१ धावा करताना त्यांनी गुलाम अहमद यांच्यासह अखेरच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत अबाधित राहिला.

युद्ध संपले तरी लष्करी नोकरी होतीच. निवड समितीची लहर आणि नोकरीचे बंधन यांत बारा वर्षांत जेमतेम २१ कसोटी त्यांच्या पदरी पडल्या, धावा ८७२. कव्हरमध्ये अडवलेल्या धावांची नोंद धावफलकात होत नसते, हे त्यांचे दुर्दैव. सेनादलाला मात्र त्यांनी रणजी करंडकाच्या अंतिम फेरीपर्यंत नेले.

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या एकाच मालिकेत तीन कर्णधार झाल्यावर मंडळाला एकोणचाळिशीतल्या अधिकारींची आठवण झाली. दिल्लीतील त्या अखेरच्या कसोटीत त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळीही घेतले. सामना अनिर्णित राहिला. ही त्यांची शेवटची कसोटी.

लेफ्टनंट कर्नल अधिकारी १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला गेले. शिस्त आणि क्षेत्ररक्षण यांवर त्यांचा कटाक्ष असे. ओव्हल कसोटीत चंद्रशेखर यांनी सहा बळी टिपले. पण अॅलन नॉटला माघारी धाडले ते एकनाथ सोलकरने शॉर्ट लेगला झेपावून घेतलेल्या झेलाने. भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा अधिकारी बावन्न वर्षांचे होते. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.