भंगलेला पाय

इ. स. १५२१ मध्ये फ्रेंच सैन्याने स्पेनमधील पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. एका गोळ्याने इग्नेशियस लोयोला या सरदारांचा पाय चुरडला. हाड वाकडे जुळले, म्हणून ते पुन्हा मोडावे लागले. पायात दरबारी बूट शोभून दिसावा, यासाठी वर आलेले हाडही त्यांनी करवतीने कापवून घेतले. तरी व्यंग राहिलेच.

अंथरुणाला खिळले असता त्यांना वीरकथा वाचावयाच्या होत्या. वाड्यात मात्र ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे एवढेच ग्रंथ होते. तेच ते वाचू लागले. हळूहळू त्यांच्या ध्यानी आले, की कीर्तीची स्वप्ने क्षणभर सुखवितात आणि मन रिते ठेवून जातात. ईश्वरसेवेचा विचार मात्र मागे शांती ठेवतो.

१५२२ साली माँटसेराटच्या मठात त्यांनी आपली तलवार वेदीपुढे ठेवली. पुढे तिशी उलटलेली असूनही बार्सिलोनात लहान मुलांच्या पंक्तीस बसून ते लॅटिन शिकले. ज्या मानासाठी त्यांनी हाड कापविले होते, तो मान आता त्यांनी आनंदाने सोडला.

१५४० मध्ये पोपने त्यांच्या येशूसंघास मान्यता दिली. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले. १५५६ साली रोम येथे इग्नेशियस निवर्तले. पायाचे व्यंग अखेरपर्यंत गेले नाही. पण त्याच पायाने त्यांना नवी वाट दाखविली.