राणी लक्ष्मीबाई: काडतुसापासून कोटा की सरायपर्यंत

झाशीच्या सिविल लाइन्स आणि छावणीच्या परिसरात इंग्रज अमलाच्या खुणा आजही दिसतात. याच छावणीतील तारागडावर, म्हणजे स्टार फोर्टवर, कंपनी सरकारचा खजिना व दारूगोळ्याचे कोठार होते. ५ जून १८५७ रोजी १२ व्या बंगाल पायदळाच्या शिपायांनी ते ताब्यात घेतले. तेथूनच राणी लक्ष्मीबाईंच्या जीवनाचे अखेरचे पर्व सुरू झाले.

वाराणसीत मोरोपंत तांबे यांच्या घरी जन्मलेल्या मणिकर्णिकेचा विवाह १८४२ मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाला. १८५३ च्या नोव्हेंबरमध्ये गंगाधररावांचे निधन झाले. दत्तक पुत्र दामोदरराव यांचा वारसा नाकारून गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी १८५४ मध्ये संस्थान खालसा केले.

शिपायांच्या असंतोषाला अनेक कारणे होती. निमित्त मात्र काडतुसाचे झाले. नव्या एन्फील्ड रायफलीच्या ०.५७७ इंची नळीत आटे होते. सुमारे ३४ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी नळीपेक्षा किंचित लहान असल्याने ती सहज आत सरके आणि बार उडताच तिचा पोकळ तळ फुगून आट्यांना घट्ट बसे. त्यामुळे जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांनंतर डळमळत असताना या रायफलीवरील दर्शक मोजपट्टी ९०० यार्डांपर्यंत आखलेली होती. गोळीभोवतीचा कागद नळीत अडकू नये म्हणून त्याला वंगण लागे. ते गाय व डुकराच्या चरबीचे असल्याची वार्ता पसरली. पुडी दातांनी फोडायची असल्याने हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही धर्मभावनेला धक्का बसला. पल्ला वाढविणारी युक्तीच अशा प्रकारे सरकारच्या अंगाशी आली.

राणींनी झाशीचा कारभार हाती घेतला, ओरछाच्या फौजेला परतवून लावले आणि तोफा व दारूगोळ्याची तयारी केली. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोझ यांची फौज झाशीपुढे आली. बचाव मुख्यतः तोफांवर अवलंबून होता. गुलाम गौस खान हे प्रमुख गोलंदाज होते आणि स्त्रियाही मोर्चांवर दारूगोळा पोहोचवीत होत्या. विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात या वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन केले आहे. मराठी वाचकाने ते अवश्य पाहावे. मदतीस आलेल्या तात्या टोपे यांचा १ एप्रिल रोजी बेतवाकाठी पराभव झाला. ३ एप्रिल रोजी इंग्रज सैन्य शहरात घुसले व दुसऱ्या दिवशी रात्री राणी किल्ल्याबाहेर पडल्या.

मे महिन्यात काल्पीजवळील लढाईत भीषण उन्हात सतत गोळीबार केल्याने एन्फील्डच्या नळ्या तुंबल्या आणि गोळी ठासणे अवघड झाले, असे इंग्रज वृत्तांत सांगतात. त्याचा लाभ क्रांतिकारकांना क्षणभरच मिळाला. काल्पी पडली. १ जून रोजी ग्वाल्हेर मात्र त्यांच्या हाती आले.

१७ जून रोजी (काही नोंदींनुसार १८ जून) कोटा की सराय येथे आठव्या हुसार घोडदळाशी झालेल्या चकमकीत राणींना वीरमरण आले. दामोदरराव पुढे इंदूरला राहिले. कंपनीने आणि नंतर ब्रिटिश सरकारने त्यांना झाशी कधीच परत दिली नाही. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.