कुवेतची पहिली डॉक्टरीणबाई

आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्याच कॉलेजातून १९०८ साली एलेनॉर टेलर नावाची अमेरिकन मुलगी डॉक्टर झाली. आनंदीबाईंना काम करायला आयुष्यच मिळालं नाही. एलेनॉरबाईंना मिळालं, आणि त्यातली ऐन उमेदीची वर्षं त्यांनी कुवेतच्या बायकांसाठी घालवली.

१९०९ साली एडविन कॅल्वर्ली या पाद्रीसाहेबांशी त्यांचं लग्न झालं. दोघं अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चच्या अरेबियन मिशनतर्फे अरबस्तानात आले. आधी अरबी भाषा शिकले, मग १९१२ साली कुवेतला राहायला गेले. तिथे मिशनच्या डॉक्टरांना खुद्द शेख मुबारक यांनी बोलावलं होतं.

तेव्हाचं कुवेत म्हणजे मातीच्या घरांचं शहर. तेल सापडलं १९३८ साली, आणि पहिलं जहाज भरून गेलं १९४६ साली. त्याआधी लोक जगायचे ते मोत्यांवर आणि गलबतांवर. उन्हाळ्याचे चारेक महिने पुरुष समुद्रात बुड्या मारायचे. नाखव्याकडून घेतलेली उचल काही फिटायची नाही. बाप गेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. मोती विकायला आपल्या मुंबईला यायचे, बाजारात रुपया चालायचा. प्यायचं पाणीसुद्धा शत अल-अरब नदीतून गलबतांनी आणायचे.

अशा ठिकाणी बाई आजारी पडली तर परक्या पुरुषाला दाखवायची नाही, मग तो डॉक्टर का असेना. सुईण आणि घरचे उपाय, एवढंच. त्यातली एक रीत वाचून, मिडवायफरी केलेली मी, माझ्या अंगावर काटा आला. बाळंतपण झालं की आत खडेमीठ भरायचं. समजूत अशी की त्याने जखम भरते आणि अंग आवळतं. पण मिठाने आतली नाजूक कातडी भाजून निघायची, त्याचे घट्ट व्रण व्हायचे आणि वाट अरुंद व्हायची. पहिलं मूल सुखरूप झालेली बाई दुसऱ्या खेपेला अडायची. अशा वेळी हात लावणारी शिकलेली बाईच हवी.

एलेनॉरबाई कुवेतमधल्या पहिल्या डॉक्टरीणबाई. सुरुवातीला लोक बिचकतच होते. हळूहळू ओळख वाढली, घरोघरी बोलावणी येऊ लागली, आणि लोक त्यांना खातून हलीमा म्हणू लागले. त्यांच्या तीन मुली त्याच गावात वाढल्या. १९१४ साली मिशनचं पुरुषांचं हॉस्पिटल उभं राहिलं, १९१९ साली बायकांचं. पुढे मेरी व्हॅन पेल्ट नावाची नर्सही तिथे आली आणि वर्षानुवर्षं राहिली. डॉक्टरांचं नाव राहतं, पण रात्रभर उशाशी बसणारीलाही विसरू नये.

आता एक गोष्ट सरळ सांगते. हे मिशन होतं. औषधाआधी बायबल वाचायचं, प्रार्थना करायची, ही मिशनच्या दवाखान्यांची पद्धत. दुखण्याने कण्हणाऱ्या माणसाला आधी उपदेश ऐकायला लावणं मला पटत नाही. पण कुवेतच्या बायकांनी काय केलं? औषध घेतलं, ऑपरेशन करून घेतलं, डॉक्टरीणबाईंना जीव लावला, आणि धर्म आपलाच ठेवला. धर्म बदलणारे अगदी थोडे निघाले. तरीही कॅल्वर्लीबाई राहिल्या आणि दवाखाना चालू राहिला. माझ्या मते त्यांचा मोठेपणा यातच आहे.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. मिशनऱ्यांनी मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या. १८२९ साली मुंबईला आलेल्या जॉन विल्सन यांनी तर मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. आपले वाडवडील त्या शाळांतून शिकले, काही तिथे मास्तरही झाले, पण शब्बाथ सोडला नाही. घ्यायचं ते घेतलं, जपायचं ते जपलं. आणि पुढे आपल्याच डॉ. जेरुशा झिराड लंडनहून एम.डी. होऊन आल्या आणि कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. त्या आणि कॅल्वर्लीबाई जवळपास एकाच पिढीच्या. समुद्राच्या दोन्ही काठांवर बायकांच्या डॉक्टरणीची गरज तीच होती.

१९३० च्या सुमारास कॅल्वर्ली कुटुंब अमेरिकेला परतलं. पाद्रीसाहेब हार्टफर्डला शिकवत होते. बाईंनी १९५८ साली अरबस्तानातल्या दिवसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९६८ साली त्या वारल्या.

मिशनचं हॉस्पिटल १९६७ साली बंद झालं. इमारत समुद्राकाठी अजून आहे. तिथे आता सांस्कृतिक केंद्र आहे आणि लोक तिला अमेरिकानी म्हणूनच ओळखतात. १९६१ साली कुवेत स्वतंत्र झालं, आणि त्याच वर्षी त्यांनी दुसऱ्या देशांच्या विकासासाठी कुवेत फंड काढला. ज्या गावाला पाणी आणि डॉक्टर बाहेरून आणावे लागत, ते आता इतरांना धरणं, रस्ते आणि दवाखान्यांसाठी कर्ज देतं. घेणाऱ्याचा हात कायम घेणाऱ्याचाच राहतो असं नाही. म्हणून मदत देताना समोरच्याची लाज राखावी, आणि घेताना मान खाली घालू नये.